टोरोंटोचा रश आणि त्यांचे ट्रक भरणारी माणसं

तिसरी घंटा

रश या कॅनडाच्या रॉक बँडच्या २०१५ सालच्या आर-४० दौऱ्याचं चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं गाण्यांकडे लक्षच राहिलं नाही. गाणं चालू असताना लाल डांगरीतली माणसं मंचावर यायची, गायक आणि बेसवादक गेडी लीच्या मागची एखादी वस्तू उचलायची, तिथे दुसरी ठेवायची आणि निघून जायची. हा कार्यक्रम उलटा रचलेला होता. सुरुवात २०१२ च्या अल्बमपासून, मग मागे मागे जात नव्वदचं दशक, ऐंशीचं, सत्तरचं. काळ जसा मागे जाईल तसा मंच उतरत गेला. नक्षीदार यंत्रं गेली, कपडे वाळवायचे ड्रायर आले आणि गेले, अँपच्या (वाद्यांचा आवाज वाढवणाऱ्या पेट्यांच्या) भिंती उभ्या राहिल्या आणि त्याही एकेक करून कमी झाल्या. शेवटच्या गाण्यांना मागे शाळेच्या जिमखान्याचा पडदा आणि खुर्च्यांवर ठेवलेले लहान अँप, एवढंच उरलं. चाळीस वर्षांचा संसार प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत आवरला, आणि तो आवरणारे होते त्यांचे रोडी, म्हणजे दौऱ्यावर सामान लावणारी-उतरवणारी माणसं.

मी पुण्यात बारा वर्षं बॅकस्टेज केलं. आधी एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा, नंतर व्यावसायिक नाटकांचे दौरे. नेपथ्याचे फ्लॅट बांधायचे, विंगा लावायच्या, प्रयोग संपला की तासाभरात सगळं टेम्पोत. आमच्याकडे सेट हलवायचा तर काळे कपडे आणि ब्लॅकआउट. कुणाला दिसलो तर चूक आमची. त्यामुळे पूर्ण उजेडात, गाण्याच्या मध्यात, बँडच्या शेजारून चालत जाणारे ते लाल डांगरीवाले पाहून घशाशी आलं. तेव्हापासून या बँडच्या क्रूबद्दल जे मिळेल ते वाचत, ऐकत आलोय. ते एका जागी यावं म्हणून हा धागा.

रश हा मुळात टोरोंटोच्या उपनगरातला, विलोडेलचा बँड. १९६८ मध्ये सुरू झाला. पहिले कार्यक्रम चर्चच्या तळघरातल्या युवक केंद्रात, मग शाळांचे हॉल, मग बार. पहिला अल्बम १९७४ चा, तोही स्वतःच्या मून रेकॉर्ड्सवर, कारण कॅनडातल्या कंपन्यांनी दारात उभं केलं नव्हतं. क्लीव्हलँडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवर डॉना हॅल्पर या बाईंनी त्यातलं कामगारावरचं एक गाणं लावलं आणि अमेरिकेचं दार उघडलं. ड्रमर जॉन रुट्सी बाहेर पडला, २९ जुलै १९७४ ला नील पिअर्ट आला आणि १४ ऑगस्टला पिट्सबर्गमध्ये युराया हीप या बँडच्या आधी गेडी, गिटारवादक ॲलेक्स लाइफसन आणि नील हे तिघं अकरा हजारांसमोर उभे होते. मधे जेमतेम दोन आठवडे.

तेव्हा क्रू म्हणजे किती? इयन ग्रँडी, लियम बर्ट अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गावचीच पोरं. त्यांच्यात त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बुकिंग एजन्सीने एक माणूस पाठवला, हॉवर्ड उंगरलायडर. या नवख्या पोरांना दौरा कसा करतात ते शिकवायचं, हे त्याचं काम. तो टूर मॅनेजरही झाला आणि लाइटही करू लागला. परत गेलाच नाही. २०१५ च्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत रशचे लाइट त्याचेच. एकेचाळीस वर्षं! लियम बर्ट तर रोडीपासून सुरुवात करून पुढे सगळा दौरा चालवणारा माणूस झाला.

आणि १९७५ च्या दुसऱ्या अल्बममधली ती लांबलचक युद्धकथा, बायटॉर आणि स्नो डॉग? ही नावं उंगरलायडरच्या तोंडून आलेली. मॅनेजर रे डॅनियल्सकडे दोन कुत्री होती, एक मोठं चावरं, एक छोटं पांढरं. हॉवर्डने त्यांना ही नावं ठेवली आणि नीलने त्यावर महाकाव्य रचलं. म्हणजे बँडच्या पहिल्या मोठ्या रचनेत लाइटवाल्याचा शब्द आहे. असा क्रू मला दुसरीकडे फारसा दिसला नाही.

कुणी त्यांचे कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेत का? क्रूबद्दल काही माहिती असेल तर जरूर लिहा.

मिसिसागाकर

धागा वाचून राहवलं नाही, वर्षभराने लॉगिन केलं. मी जून २०१५ मध्ये टोरोंटोला एअर कॅनडा सेंटरमध्ये होतो. तुम्ही पाहिलेलं चित्रण तिथलंच, १७ आणि १९ जूनचं. मी १९ ला होतो. वरच्या मजल्यावरची तिकिटं, त्यामुळे मंच नकाशासारखा दिसत होता. खालून कदाचित कळलं नसतं, पण वरून कळत होतं की डांगरीवाल्यांचं चालणंही बसवलेलं आहे. कोण कुठून येणार, कुठल्या ओळीवर उचलणार, सगळं ठरलेलं. कुणीही धावत नव्हतं.

ती लाल डांगरी कुठून आली ते सांगायला हवं. १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'च्या मुखपृष्ठावर लाल डांगरीतले हमाल चित्रं वाहून नेताना दिसतात. मागची इमारत म्हणजे क्वीन्स पार्कमधलं ऑन्टारियोचं विधिमंडळ. मी तिथून रोज ऑफिसला जायचो. तीन कमानी आहेत दाराला. माझी आई भारतातून आली तेव्हा तिला नेऊन ते मुखपृष्ठ दाखवलं होतं.

याच अल्बमवर टोरोंटो विमानतळाच्या कोडवरून, वायवायझेडवरून, नाव दिलेला शब्दाविना तुकडा आहे. सुरुवातीचा ताल म्हणजे मोर्समध्ये वाजवलेली तीच तीन अक्षरं. महिनोन्महिने दौऱ्यावर असलेल्या माणसाला सामानावर तो टॅग दिसला की घर आलं. हे बँडला जेवढं लागू तेवढंच फ्लाइट केस ढकलणाऱ्यांना. मी कामासाठी सतत फिरायचो तेव्हा पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगेवर ती अक्षरं दिसली की मलाही छातीत हलकं वाटायचं.

एक गोष्ट इथे राहून मला उमगली. गेडीचे आईवडील पोलंडचे, नाझी छळछावण्यांतून वाचून आलेले ज्यू, ॲलेक्सचे सर्बियातून आलेले. विलोडेल तेव्हा अशा स्थलांतरितांच्या मुलांचं उपनगर होतं. नातेवाईक कमी, त्यामुळे मित्र हेच गणगोत. ही माणसं चाळीस-चाळीस वर्षं एकत्र राहिली त्याची मुळं मला तिथे दिसतात. आणि १९७१ मध्ये ऑन्टारियोत दारू पिण्याचं वय २१ वरून १८ वर आलं. त्यामुळे बारमध्ये तरुण पोरं येऊ लागली, बारवाल्यांना बँड हवे झाले, आणि शाळांच्या हॉलमध्ये महिन्यातून दोनदा वाजवणारी ही मंडळी आठवड्यातल्या पाच-सहा रात्री वाजवू लागली. आठवड्यातल्या पाच रात्री सामान उतरवा-चढवा केलं की क्रू तयार होणारच.

बारामतीचा बेस

उत्तम धागा. मी बेस वाजवतो म्हणून माझा प्रश्न यंत्रांचा. गेडी ली गातो, बेस वाजवतो, कीबोर्ड वाजवतो, पायाने मूग कंपनीचे सूर काढणारे टॉरस पेडल दाबतो. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत तर सुरांचे थरच्या थर आहेत. तीन माणसांत हे होतं कसं? मागून टेप चालवायचे का?

तिसरी घंटा

@बारामतीचा बेस, फार मोलाचा प्रश्न विचारलात, कारण क्रूचं खरं काम इथेच आहे.

त्यांचा नियम असा की ऐकू येणारा प्रत्येक आवाज तिघांपैकी कुणीतरी, त्याच क्षणी, हाताने किंवा पायाने सुरू केला पाहिजे. अख्खं गाणं मागून सोडून त्यावर वाजवायचं नाही. म्हणून गेडीच्या पायाखाली पेडल, ॲलेक्सच्या पायाखाली पेडल, नीलच्या ड्रमभोवती इलेक्ट्रॉनिक पॅड. पण एका पेडलला एका गाण्यात एक आवाज, दुसऱ्या गाण्यात दुसरा. मग दोन गाण्यांच्या मधल्या काही सेकंदांत त्या पेडलमागचे सगळे आवाज बदलायचे कुणी? ते काम टोनी गेरानिओसचं. चाहत्यांमध्ये तो जॅक सिक्रेट या नावाने ओळखला जातो. तो मंचाच्या बाजूला यंत्रांच्या घोळक्यात बसलेला असायचा. त्याच्याकडून एक क्रमांक चुकला की गेडीने पाय ठेवल्यावर भलत्याच गाण्याचा सूर हजारो लोकांसमोर वाजणार.

आमच्या नाटकात याला जवळचं उदाहरण म्हणजे पार्श्वसंगीतवाला. नट दाराची कडी काढतो आणि आवाज बूथमधून येतो. पाव सेकंद उशीर झाला तरी दार खोटं होतं. फरक इतकाच की रशमध्ये कडी खरोखर नटाच्याच हातात होती, आणि दर प्रवेशाला ती कडी बदलून ठेवणारा माणूस विंगेत.

प्रोग्रेसिव्ह रॉकला, म्हणजे रशच्या या लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रकाराला, क्रू जास्त का लागतो, तेही यातच आलं. साध्या बँडला दोन गिटार, बेस, ड्रम. इकडे १९७७ पासून दुहेरी मानेची गिटारं, सिंथ, पेडल, ट्यूब्युलर बेल्स, टेंपल ब्लॉक्स, वीस मिनिटांची रचना आणि तिच्यात दहा वेळा बदलणारे ताल. लाइटवाल्यालाही सातच्या मात्रेत क्यू द्यायचा. तो माणूस दर सहा महिन्यांनी बदलला तर कार्यक्रम उभा राहणार नाही. म्हणून या प्रकारच्या संगीतात क्रू टिकवणं ही प्रेमाइतकीच गरजेचीही बाब असावी, असं मला वाटतं.

बारामतीचा बेस

समजलं. आज रात्री पुन्हा ऐकतो, या वेळी पायांचे सूर वेगळे काढून.

चंद्रकोर

तिसरी घंटा, तुमच्या "असा क्रू दुसरीकडे दिसला नाही" याला थोडा विरोध करते.

पिंक फ्लॉइड या बँडच्या १९६९ च्या 'उमागुमा' अल्बमचं मागचं मुखपृष्ठ बघा. बिगिन हिल विमानतळाच्या धावपट्टीवर त्यांचं सगळं सामान बाणाच्या आकारात मांडलंय आणि शेजारी उभे आहेत दोन रोडी, ॲलन स्टाइल्स आणि पीटर वॉट्स. बँड फोटोत नाही. पुढच्याच वर्षी त्या ॲलनच्या न्याहारीवर त्यांनी एक अख्खा तुकडा केला. आणि १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बममध्ये मधेमधे जी बोलणारी माणसं आहेत, त्यांत त्यांचे रोडी आहेत. बँडच्या रॉजर वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओच्या आसपासच्या माणसांना विचारले आणि उत्तरं अल्बमात घेतली. करोडो लोकांनी त्या रोडींचा आवाज ऐकलाय, नाव माहीत नसताना.

दुसरं उदाहरण येस या बँडचं. मायकेल टेट हा ऑस्ट्रेलियन माणूस त्यांच्याकडे गाडी चालवायला लागला. पुढे लाइट, पेडलबोर्ड, मंचाच्या वस्तू, जे लागेल ते हाताने बनवायचा. १९७८ मध्ये येसचा प्रेक्षकांच्या मधोमध फिरणारा गोल मंच त्याचाच. त्याच वर्षी त्याने पेन्सिल्व्हेनियातल्या लिटिट्झ नावाच्या छोट्या गावात मंच बनवायची कंपनी काढली. तिथेच का? कारण येसचा साउंड करणारे क्लेअर बंधू त्या गावचे. आजूबाजूला आमिश लोकांची शेतं, घोडागाड्या, आणि त्यात आज जगातल्या बड्या कलाकारांचे मंच बनतात. २०१४ पासून तिथे एक अवाढव्य तालीमघर आहे, दौऱ्याआधी अख्खा मंच उभा करून बघायला. एका बँडच्या ड्रायव्हरपासून निघालेली ही वाट आहे.

जेनेसिस या बँडचंही तसंच. आज लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा आपोआप फिरणारे, रंग बदलणारे दिवे दिसतात ना? डॅलसच्या शोको कंपनीच्या लोकांनी ते बनवले, जेनेसिसने त्यात पैसे घातले, आणि २५ सप्टेंबर १९८१ ला बार्सिलोनाच्या बैलझुंजीच्या मैदानात ते पहिल्यांदा लागले.

तिसरी घंटा

@चंद्रकोर, मान्य. माझं वाक्य मागे घेतो. उमागुमाचं मुखपृष्ठ घरात आहे, पण ते दोघं कोण हे कधी शोधलं नव्हतं. मीच शोधलं नाही याचं वाईट वाटलं.

राहुटी

मी नारायणगावचा. रॉक संगीत माझ्या मुलाचा प्रांत, त्यानेच हा धागा दाखवला. पण वाचताना आमच्याकडचं डोळ्यांसमोर आलं म्हणून लिहितो.

पाडव्याच्या सुमारास आमच्या गावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीचे लोक येतात, सुपारी ठरवतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं. लोकांना नाचणाऱ्या बाया आणि सोंगाड्या माहीत. पण तंबू ठोकणारे, जनरेटरवाले, स्टेजचे पाट जोडणारे, आचारी आणि ड्रायव्हर हे फडाच्या निम्म्याहून जास्त असतात. रात्री तमाशा संपला की उजाडायच्या आत तंबू उतरवून ट्रक पुढच्या गावाला. मी लहानपणी शाळेत जाताना बघायचो, काल रात्री जिथे हजार माणूस होतं तिथे सकाळी फक्त खुंट्यांची भोकं.

आमच्या शेजारी एक काका राहायचे, तीस वर्षं एकाच फडात तंबूचं काम केलं. मालकीणबाईंच्या घरच्या लग्नात त्यांचं पान घरच्यांच्या पंगतीत. मालकीणबाई गेल्या तेव्हा खांदा द्यायला पुढे होते. तुमच्या त्या हॉवर्डचं वाचून त्यांची आठवण आली.

शुभांगी के

सगळं वाचलं, आवडलं. पण मी आठ वर्षं लाइव्ह कार्यक्रमांना लाइट करते, त्यामुळे दुसरी बाजू लिहिते.

रशसारखी उदाहरणं अपवाद आहेत. आमच्याकडे एका मोठ्या कार्यक्रमाला सलग तीस तास काम केलं होतं. ट्रस (दिवे टांगायचे धातूचे सांगाडे) वर चढवायला आणलेली पोरं सकाळी नाक्यावरून उचलून आणलेली. ना हेल्मेट, ना हार्नेस. एकजण पंधरा फुटांवरून घसरला, नशिबाने मनगटावर निभावलं. दवाखान्याचे पैसे आम्ही आपसांत काढले. माझं स्वतःचं मानधन पाच महिन्यांनी मिळालं, तेही अर्धं. कलाकाराने मंचावरून आयोजकांचे, प्रायोजकांचे आभार मानले.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. मिसिसागाकरांच्याच टोरोंटोत १६ जून २०१२ ला, डाउन्सव्ह्यू पार्कमध्ये, रेडिओहेड या बँडच्या कार्यक्रमाआधी मंचाचं छत कोसळलं. दारं उघडायला थोडाच वेळ होता. ड्रमचा तंत्रज्ञ स्कॉट जॉन्सन त्याखाली गेला, तिघं जखमी झाले. खटला इतका लांबला की उशिराच्या कारणावरून २०१७ मध्ये थांबवण्यात आला. २०१९ मध्ये चौकशी बसली, ज्युरीने शिफारशी केल्या. ड्रम लावायला गेलेला माणूस ड्रमपाशीच मेला. प्रेमाने वागणारा बँड मिळणं ही कुणाच्या नशिबाची गोष्ट असू नये. छताचं वजन किती, तपासलं कुणी, सही कुणाची, हे आधी.

मिसिसागाकर

शुभांगीताई, ती दुर्घटना झाली त्या दुपारी मी घरी होतो, माझा सहकारी तिकीट घेऊन निघाला होता. अर्ध्या वाटेतून परत आला. इथे अनेकांना स्कॉट जॉन्सन हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुम्ही लिहिलंत ते इथे हवंच होतं.

तिसरी घंटा

शुभांगीताई, तुमचं बरोबर आहे आणि मूळ लेखात ते यायला हवं होतं. मलाही एकदा भर पावसात ओल्या केबलवर काम करायला लावलं होतं आणि मी नाही म्हणू शकलो नव्हतो. वय वीस होतं.

रशच्याच बाबतीत एक प्रसंग सांगतो, तोही पावसाचा. नोव्हेंबर २००२, ब्राझील. २२ ला साओ पावलो, २३ ला रिओचं माराकाना स्टेडियम, मधे सव्वाचारशे किलोमीटर. पावसाने ट्रक अडकले आणि सामान इतक्या उशिरा पोहोचलं की साउंडचेक झालाच नाही. त्याच कार्यक्रमाचं चित्रण आणि ध्वनिमुद्रण व्हायचं होतं. चाळीस हजार माणसं बाहेर आणि आत क्रू जीव तोडून उभारणी करतोय. ते मुद्रण आज उपलब्ध आहे. त्याच्या आवाजावर टीका होते, प्रेक्षक फार मोठे आणि वाद्यं कुठे कुठे गढूळ. मी ते ऐकतो तेव्हा मला त्यात चिखल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो. वायवायझेडला शब्द नाहीत, तर लोक तिची धूनच गातात, उड्या मारत. ते शक्य व्हावं म्हणून कुणीतरी त्या दिवशी जेवलं नसणार.

चंद्रकोर

त्या ड्रायरबद्दल कुणी लिहिलंच नाही! गेडीने १९९६ च्या दौऱ्यापासून बेसचे मोठे अँप काढले, आवाज थेट साउंड बोर्डाला जायला लागला. मग ॲलेक्सच्या बाजूला अँपची भिंत आणि याची बाजू ओकीबोकी. म्हणून २००२ च्या दौऱ्यात तिथे खरे ड्रायर ठेवले, टी-शर्ट फिरत राहायचे, क्रूपैकी कुणीतरी मधेच येऊन नाणी टाकून जायचं. २००७ मध्ये त्या जागी कोंबड्या भाजायच्या भट्ट्या, आणि क्रू आचाऱ्याच्या वेषात येऊन त्यांना रस लावायचा. म्हणजे आर-४० च्या आधीच ते क्रूला उजेडात आणत होते. माझ्या मते लाल डांगरीची तयारी तिथून सुरू झाली.

तिसरी घंटा

@चंद्रकोर, हा धागा मला जोडता आला नव्हता. आचारी, नाणी टाकणारा, मग डांगरीवाले. आधी छोटी भूमिका, शेवटी अख्खा कार्यक्रम त्यांच्या हातात.

बारामतीचा बेस

शेवटच्या कार्यक्रमाबद्दल कुणी लिहाल का? नील मंचाच्या पुढे आला म्हणतात.

मिसिसागाकर

१ ऑगस्ट २०१५, लॉस एंजेलिसचं फोरम. नील कधीच ड्रम सोडून पुढे येत नसे. कार्यक्रम संपला की मागच्या मागे निघून जायचा, पुढची जागा गेडी-ॲलेक्सची असं तो मानायचा. त्या रात्री तो पुढे आला आणि दोघांना मिठी मारली. जानेवारी २०२० मध्ये तो गेला. २०२५ च्या ऑक्टोबरात गेडी आणि ॲलेक्सने पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची घोषणा केली, ड्रमवर जर्मनीची आनिका निलेस. मी तिकिटाच्या खटपटीत आहे. मिळालं तर आधी बाजूला, अंधारात, कोण बसलंय ते बघेन.

आणि एक. रशच्या दर दौऱ्याचं पुस्तक निघायचं, त्यात नीलचा लेख असायचा. माझ्याकडे आर-४० चं आहे. त्यात क्रूची नावं छापलीत. आत्ता उघडून बसलोय. रिगर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळे.

शुभांगी के

त्या पानाचा फोटो टाकाल का? मला आमच्या पोरांना दाखवायचाय.

तिसरी घंटा

फोटो जरूर टाका, मिसिसागाकर, मलाही हवा आहे.

आमच्या ग्रुपचा पुढच्या महिन्यात प्रयोग आहे. पत्रिकेत नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत अशी नावं नेहमी असतात. फ्लॅट उचलणारे सात जण आणि टेम्पोवाले मामा कधीच नसतात. काल पत्रिका छापायला जायच्या आधी त्या आठ जणांना पूर्ण नावं विचारली. सहा वर्षं मामांबरोबर फिरतोय, त्यांचं आडनाव मला काल कळलं.